एका लूमचा गेम

गेम बनवायला शिकायचंय, सुरुवात कुठून करू, असं कोणी विचारलं की कामतघरचा तौहीद एकच सांगतो, "छोटा बनव, पण पुरा कर." फुकटच्या व्हिडिओंनी त्यालाही पहिल्याच दिवशी हेच शिकवलं होतं. पण ऐकेल तर तो तौहीद कसला!

दापोड्याच्या गोदामात दिवसभर स्कॅनर घेऊन हिंडणारा हा माणूस. पस्तिशी उलटल्यावर याच्या डोक्यात गेमचं खूळ शिरलं, ते वडिलांमुळे. रहमतुल्लांनी चाळीस वर्षं कापड विणायची लूम चालवली आणि त्या खडखडाटात दोन्ही कान घालवून बसले. घराची मागची भिंत शेजारच्या कारखान्याला लागून. म्हातारा सकाळी उठला की आधी उजवा तळहात भिंतीवर ठेवायचा. भिंत थरथरली की खूश. शुक्रवारी लूम बंद, भिंत गप्प, की दिवसभर म्हाताऱ्याचं तोंड उतरलेलं. धागा तुटला हेसुद्धा म्हणे ते लूमवर हात ठेवून ओळखायचे.

तौहीदला वाटलं, अब्बांना एक लूम फोनमध्ये बनवून द्यावी. जुना कॉम्प्युटर आणला, गोदामातून शुक्रवारची सुट्टी मागून घेतली आणि तीन आठवड्यांत गेम उभा केला. एक लूम, धागा इकडून तिकडे नेणारी एक शटल, मध्येच धागा तुटणार, बोटाने गाठ मारायची. बस्स. दिसायला अगदी ओबडधोबड, पण चालत होता.

रहमतुल्लांनी फोन उजव्या तळहातावर घेतला. बराच वेळ वाट पाहिली.

"हाताला काहीच कळत नाही रे," ते म्हणाले. "लूम हलली पाहिजे ना."

तौहीद त्यांच्यासमोर ओठ सावकाश हलवत, हातवारे करत म्हणाला, "फोन थरथरवायचाय ना, अब्बा? कोडच्या तीन ओळींचं काम आहे. शेवटी करतो!"

शेवटी! अरे, तीन ओळी लिहायला किती वेळ लागतो? चहा उकळेपर्यंत झाल्या असत्या. पण याला आता एक लूम पुरेना. चोवीस हव्यात, पत्र्याच्या फटीतून येणारं ऊन हवं, हवेत उडणारा कापूस हवा. आणि आवाज! फोन घेऊन हा कारखान्या-कारखान्यात फिरला, लूमचा खडखडाट भरून आणला आणि पाच महिने तो आवाज घासूनपुसून नीट करत बसला. तोही कुणासाठी? ठार बहिऱ्या माणसासाठी!

त्याची बायको आफरीन शेवटी वैतागली. "अहो, अब्बा रोज मला खुणेनं विचारतात, झालं का म्हणून. जसा आहे तसा द्या ना त्यांना."

"असा अर्धवट देऊ? त्यांना शोभेलसा तरी होऊ दे."

अब्बांनी विचारलं की हा हाताने खूण करायचा, उद्या. म्हातारा मान हलवायचा. असं दीड वर्ष चाललं. एकदाही चिडले नाहीत ते, आणि तौहीदला आता तेच जास्त लागतं. एकदा तरी खडसावलं असतं तर बरं झालं असतं, असं तो आफरीनला सारखं म्हणतो.

मार्च महिन्यात रहमतुल्लांना लकवा मारला. उजवं अंग गेलं. दवाखान्यातून घरी आणलं त्या दुपारी तौहीदने कॉम्प्युटर उघडला. चोवीस लूम, ऊन, कापूस सगळं बाजूला सारलं, तो पहिला ओबडधोबड गेम शोधून काढला आणि त्यात तीन ओळी लिहिल्या. चार मिनिटं लागली. चार!

फोन घेऊन तो खाटेशी गेला. अब्बांनी पडद्यावरची लूम ओळखली, अर्धं तोंड हसलं. तौहीद फोन डाव्या हातात देऊ लागला, तर त्यांनी मान हलवून नको म्हटलं. डाव्या हाताने आपला उजवा हात उचलून छातीवर आणला, तळवा वर केला आणि म्हणाले, "लूमचा हात हा."

तौहीदने फोन त्या तळव्यावर ठेवला. फोन घुरघुरत होता, निर्जीव बोटं त्याच्याबरोबर हलत होती. पण रहमतुल्लांचे डोळे पडद्यावर नव्हते. हाताला काहीतरी कळेल म्हणून ते छताकडे बघत थांबले होते. आफरीन दारातच उभी राहिली.

बऱ्याच वेळाने त्यांनी जड जिभेने विचारलं, "आज शुक्रवार आहे का रे?"

तो मंगळवार होता. मागची भिंत सकाळपासून थरथरत होती.  तौहीदने होकारार्थी मान हलवली.

"मग राहू दे," अब्बा म्हणाले. "उद्या लूम चालू झाल्या की आण."