पाच हजार चाळीस आणि एक

फरशीवाला शेवटची टाइल उचलतोय तोच मोठ्या बाई आणखी एक टाइल घेऊन धावत आल्या.

"कपाटामागे पडली होती हो! तिसरीतल्या मुलीची. हीपण बसवा, एकच तर आहे."

फरशीवाल्याने कपाळाला हात लावला. हातातला सगळा सिमेंटचा माल कपाळाला लागला.

शाळेशी संबंध आलेल्या प्रत्येकाने एक टाइल रंगवली होती, मग सगळ्या भट्टीत भाजून आणल्या होत्या. अट मोठ्या बाईंचीच : सगळ्या भिंतीवर एकाच चौकटीत, जागा रिकामी नको, कुणी बाहेर नको. टाइल भरल्या पाच हजार चाळीस. आकडा ऐकून तो खूश झाला होता. साठ गुणिले चौऱ्याऐंशी, त्रेसष्ट गुणिले ऐंशी, कसंही मांडा, बिचारा कुरकुरत नाही. वर बीम, खाली जमिनीलगत स्कर्टिंगची पट्टी, मध्ये बरोबर सत्तर ओळी. म्हणून त्याने सत्तर उंच, बहात्तर रुंद घेतलं. आता एकच जागा उरली होती, ती त्याच्या आईच्या टाइलची. आईने जन्मभर याच शाळेचे वर्ग झाडले. गुडघे गेल्यामुळे ती भिंतीसमोर खुर्चीत बसून वाट बघत होती.

"पाच हजार एकेचाळीस?" गणित शिकवणाऱ्या बाईंचा चेहरा उजळला. "अहो, पूर्ण वर्ग! एकाहत्तर गुणिले एकाहत्तर! दुसरी कुठली चौकट जमायचीच नाही."

"वा! मग बीमला सांगा, जरा वर सरक म्हणावं."

"अरे, माझी राहू दे," आई म्हणाली. "पोरीची लाव."

"तू गप्प बस गं! महिनाभर 'माझी लावलीस का' म्हणून डोकं खाल्लंस, आणि आता दानशूर?"

"नाहीतर दोन्ही नकोत," मोठ्या बाई पुटपुटल्या.

"मग उरल्या पाच हजार एकोणचाळीस. त्याला तर कशानेच भाग जात नाही. एकामागे एक लावत गेटाबाहेर जाऊ का?"

त्याने वैतागून स्कर्टिंगला लाथ घातली आणि तिथेच थबकला. स्कर्टिंग बरोबर एका टाइलएवढं उंच होतं.

शेवटचा उभा पट्टा सकाळचाच, अजून ओला. आईची धरून त्यात सत्तर टाइल. मुलीची मिळवली की एकाहत्तर. पट्टा काढला की चौकटीची रुंदीही एकाहत्तर. उभा पट्टा खाली आडवा टाकायचा, बस्स!

"अहो, हे तर सूत्र आहे! एकाहत्तरचा वर्ग वजा एक म्हणजे सत्तर गुणिले बहात्तर!" गणिताच्या बाईंनी टाळी वाजवली.

"सूत्र तुमचं, कंबर माझी," म्हणत त्याने छिन्नी उचलली. स्वतःच्या हाताने घोटून बसवलेलं स्कर्टिंग फोडताना तो बीम, भट्टी, कपाट, सगळ्यांचा उद्धार करत होता.

दिवस मावळताना तळाची ओळ पुरी झाली. एका टोकाला मुलीची टाइल, दुसऱ्या टोकाला, खुर्चीच्या अगदी पायाशी, आईची. आई जरा वाकली. हात पोचला. पक्की बसली का बघायला तिने अंगठ्याने टाइल दाबली. टाइल सरकली.

"आई! हात काढ!"