बाहेरच्यांच्या खोक्यात माझी डबी

तंजावूरला आल्यावर पाचव्या दिवशी मी स्वतःच्या शौचाची डबी स्वतःच्याच प्रयोगशाळेत नेऊन दिली. हौस म्हणून नव्हे. तिरुवैयारूच्या वाटेवर एक भातगिरणी आहे. ओडिशा-बिहारकडून तिथे नुकत्याच आलेल्या कामगारांच्या आतड्यात औषधांना दाद न देणारे जिवाणू आहेत का, हे आम्हाला बघायचं होतं. आल्याआल्या एकदा नमुना घ्यायचा आणि तीन महिन्यांनी पुन्हा. मी डब्या वाटल्या, काय करायचं ते माझ्या मिरजेच्या हिंदीत समजावलं, तर बायका तोंडाला पदर लावून हसत सुटल्या. पोती शिवणारी एक जण म्हणाली, "दीदी, आधी तुमची द्या. तुम्हीपण नव्याच ना?"

आता काय बोलणार? तिचं खरंच होतं. दिली डबी. आमच्या डॉक्टरांनी ती "बाहेरून आलेले" असं लिहिलेल्या खोक्यात ठेवली, आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. एम.एस्सी. होऊन, मुलाखत देऊन मी इथे नोकरीला आले होते, आणि मला पोत्यांवाल्यांबरोबर मोजतात? हे तेव्हाचं माझं डोकं. लाज वाटते, पण होतं ते असं होतं.

या तपासणीच्या प्लेटमध्ये औषध आधीच मिसळलेलं असतं. साधे जिवाणू त्यावर मरतात. जे औषधाला भीत नाहीत, तेवढेच गुलाबी ठिपक्यांनी वर येतात. माझी प्लेट दुसऱ्या दिवशी कोरी करकरीत होती. गिरणीतल्या काहींच्याही कोऱ्या होत्या, काहींच्या ठिपक्यांनी भरलेल्या. मी माझा रिपोर्ट बॅगेच्या आतल्या कप्प्यात ठेवला, का ते विचारू नका. पास झाल्यासारखं वाटलं होतं एवढं खरं.

राहायला राजवाड्यामागच्या गल्लीत वरची खोली मिळाली होती. खाली घरमालकीण एकटीच, पोस्टातून निवृत्त झालेली, साखरेचा आजार असलेली, सत्तरीकडे झुकलेली. सगळी गल्ली तिला अक्का म्हणायची म्हणून मीही म्हणायचे. खोली घेताना मी चुकून "अगंबाई, केवढा हा जिना" असं पुटपुटले, आणि ती मराठीत म्हणाली, "हळू ये गे, पाय घसरेल." मी तिथेच पायरीवर बसले. तिचं घर मराठी, पण पिढ्यान्‌पिढ्या इथलंच, म्हणून तिची मराठी चालायची तमिळच्या चालीवर. "सगळे" म्हणायचं असेल तर ती "अस्के" म्हणायची, आणि देवनागरीचं एक अक्षर तिला वाचता येत नव्हतं. पण मराठी ती मराठीच. मिरजेत माझ्या बडबडीला घर कंटाळलं होतं. इथे प्रयोगशाळेत सगळे आपसात तमिळमध्ये हसायचे आणि मी कारण न कळता हसायचे. रविवारी तर दुधवाल्याला "पोदुम", म्हणजे पुरे, म्हटलं की दिवसाचं बोलणं संपायचं. संध्याकाळी अक्काने खालून हाक मारली की मी अक्षरशः धावत उतरायचे.

तिच्या घरची एक पद्धत होती. रात्रीच्या जेवणाला ताट नाही. ती मोठ्या पातेल्यात दहीभात हाताने कालवायची आणि समोर बसलेल्याच्या तळहातावर एकेक घास ठेवायची, वर अंगठ्याने खळगा करून त्यात वत्तकोळंबूचा, चिंचेच्या आंबट-तिखट रश्श्याचा, थेंब. तमिळ घरांतूनही असं करतात. तिच्याकडे पूर्वी आठ-दहा हात असायचे, आता माझा एकच. मी पहिल्या दिवशी चमचा मागितला तेव्हा तिने पातेलं असं मागे ओढलं, की मी परत कधी मागितला नाही. दिवसभर हातमोजे घालून माणसांची विष्ठा हाताळणारी मी, आणि संध्याकाळी तळहात पसरून बसायचे. खरं सांगू? दिवसभरात मला माणसाचा हात लागायचा तो तेवढाच.

तिसऱ्या आठवड्यात माझं पोट बिघडलं. अक्का जिना चढून वर आली, माझ्या कपाळाला हात लावला, आणि पितळी कॉफीच्या डब्यातून गोळ्यांची पट्टी काढली. तिला लघवीचा त्रास सारखा व्हायचा. औषधाच्या दुकानातून ती अँटिबायोटिक आणायची, बरं वाटलं की थांबायची, आणि उरलेल्या गोळ्या डब्यात. कोणाला शिंक आली तरी डबा उघडायचा. "दोन घे, उद्या उठशील," ती म्हणाली. आता मी या विषयातली. अशा दोन गोळ्यांनी काय होतं, हे मी विद्यार्थ्यांना शिकवलं आहे. आपल्यातले साधे जिवाणू मरतात आणि दाद न देणाऱ्यांना मोकळं मैदान मिळतं. सगळं माहीत असून गिळल्या. तिचा हात अजून माझ्या कपाळावर होता आणि नाही म्हणणं जिवावर आलं.

तीन महिने झाले. गिरणीतले नमुने पुन्हा आले, त्यांत माझाही. सकाळी मी प्लेटा ठेवायचं उबदार कपाट उघडलं तर माझ्या प्लेटवर गुलाबी ठिपकेच ठिपके. मी नंबर तीनदा वाचला. आणखी काही जणांचंही तसंच, कोरे आले होते, आता भरलेले. पोती शिवणारीचंही. डॉक्टर चष्मा वर करून म्हणाले, "चला, आता तू इथली झालीस!" सगळे हसले. मला हसू आलं नाही. ते सांगत होते, धडधाकट माणसाला याने काही होत नाही, हात धूत जा, बस. मला ते माहीत होतं. पण माझ्या डोळ्यांसमोर दुसरंच कोणी होतं, साखर असलेलं, सारखा लघवीचा त्रास असलेलं.

अक्काला मी काही सांगितलं नाही. सांगायला हवं होतं. कामाचं निमित्त करून संध्याकाळी उशिरा येऊ लागले आणि बाहेरच इडली खाऊ लागले. तिने दोनदा विचारलं, मग विचारणं सोडलं. आठवड्याभराने ती तापाने फणफणली, मीच तिला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. लघवीतला संसर्ग रक्तात गेला होता, आणि नेहमीची औषधं लागू पडत नव्हती. सलाइनमधून द्यायचं भारी औषध चालू केलं. ते तरी लागू पडेल का, हे दोन दिवस कोणी सांगेना. मी बाहेरच्या बाकावर बसून देवाला, डॉक्टरांना, स्वतःला, सगळ्यांना शिव्या घातल्या. ती गेली तर या गावात मला हाक मारणारं कोणी उरणार नव्हतं.

तिसऱ्या दिवशी ताप उतरला. मी बाकावरच रडले.

तेवढ्यात चेन्नईहून तिचा भाचा आला. त्याला मराठी कळते, बोलता येत नाही. मी कुठे काम करते हे त्याला कोणीतरी सांगितलं होतं. अक्काच्या खाटेशीच तो इंग्रजीत सुरू झाला. बाहेरून आलेल्या मजुरांची घाण हाताळायची आणि त्याच हातांनी म्हातारीच्या घरात वावरायचं? हे दुखणं मीच आणलं. माझं रक्त उसळलं. बॅग मांडीवर होती आणि आतल्या कप्प्यात तो पहिला रिपोर्ट. आले तेव्हा माझ्याकडे काहीही नव्हतं, हे त्यावर स्वच्छ लिहिलेलं. मग कुठून आलं? पाणी असेल, हॉटेलची चटणी असेल, प्रयोगशाळा असेल, ठाम कोणीच सांगू शकत नाही. पण मिरजेहून नाही आणलं मी. मी चेन उघडली.

"गे," अक्का उशीवरून म्हणाली. आवाज खोल गेला होता. "डॉक्टर म्हणाले, हे हातातून जातं. तुझंही पोट बिघडलं होतं की. माझ्या हाताचं खाऊन तर नाही ना? खरं सांग. मी इतक्या जणांना वाढलं आजवर. बहिणीची पोरं, शेजारची बाळंतीण. अस्के माझ्या हातचं जेवले."

ती रडत नव्हती. स्वतःचा उजवा हात चादरीखाली घालून पडली होती. माझ्या हातात चेन अर्धी उघडलेली. कागद दाखवला असता तर भाचा गप्प झाला असता, पण मग अक्काच्या हातूनच मला लागलं असं ठरलं असतं, आणि त्या बाईने जन्मात पुन्हा कोणाच्या हातावर घास ठेवला नसता. आणि ठेवलाच असता, तर प्रत्येक घासाला घाबरली असती.

"नाही अक्का," मी म्हटलं. "माझंच. गिरणीतून आलं. मीच आणलं."

मला वाटलं होतं, ती म्हणेल, जाऊ दे गे, होतं असं. अगदी मनापासून वाटलं होतं. तिने मोठा श्वास सोडला, आणि तिच्या चेहऱ्यावरची भीती गेली. लगेच विश्वास ठेवला तिनं. मग भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "वेऱ रूम पात्तुक्को." दुसरी खोली बघ. एवढ्या महिन्यांत माझ्याशी ती पहिल्यांदाच तमिळमध्ये बोलली.