पडद्यामागची जागा

चिखलीची जुनी टॉकीज पाडू नका, असा अर्ज घेऊन परवा काही मंडळी माझ्या घरी आली. बोलता बोलता त्यांचे डोळे भरून आले. त्यांच्या आठवणी समोरच्या खुर्च्यांतल्या होत्या. मला पडद्याची मागची बाजू आठवली.

महाराष्ट्र नुकताच झाला होता. बाजाराच्या दिवशी दुपारच्या खेळाला माय मला न्यायची. आम्ही बौद्ध वस्तीतले, म्हणून पडद्यामागं पोत्यावर बसायचो. तिकडं बसा असं कोणी सांगत नसे. सांगावंच लागत नसे. कापडातून सिनेमा आरपार दिसायचा, पण उलटा.

“माय, हा हिरो डाव्या हातानं काऊन जेवते?”

“मोठ्या लोकायचं तसंच असते,” माय म्हणाली.

नोकरी लागल्यावर मी पहिल्यांदा समोर खुर्चीत बसलो. हिरो उजव्या हातानं जेवत होता, आपल्यासारखाच. पण हे मायला सांगता आलं नाही. ती तोवर गेली होती.

अर्जावर मी सही केली. खाली लिहिलं, टॉकीज जरूर राखा, पण पडदा भिंतीला चिकटवू नका. मागं माझी माय बसली आहे.