आधी वजन, मग नारळ

शेजारचे सावंतकाका आमच्या घरी पहिल्यांदा आले ते बाथरूम बघायला. आम्ही माजिवड्याच्या त्या सोसायटीत नवीन होतो, घराचं काम नुकतंच करून घेतलेलं. मी चहाचं विचारलं तर "नंतर" म्हणाले आणि आत जाऊन टॉवेलच्या दांडीला दोन्ही हातांनी चक्क लोंबकळले. दांडी टिकली. "आता द्या चहा," ते म्हणाले. "आधी वजन, मग नारळ."

यात नारळ कुठून आला, ते मला नंतर कळलं. काका कोकणातले, एसटीच्या वर्कशॉपमध्ये जन्म गेलेला, भाजीवाल्यालाही अहो-जाहो करणारे. काकूंना अर्धांगवायू झाला तेव्हा त्यांनी एकच हट्ट धरला होता: बाथरूमला मला एकटीला जाता आलं पाहिजे. म्हणून काकांनी बाथरूम नव्याने करून घेतलं. कमोडशेजारी धरून उठायला स्टीलची दांडी, हे त्यातलं मुख्य काम.

कॉन्ट्रॅक्टर गोडबोल्या होता. काम संपत आलं आणि मुहूर्तही जवळ, म्हणून काकांनी पूजा घातली आणि रीत म्हणून त्या माणसाला शाल-नारळ दिला. आठवड्याभरात ती दांडी टाइलसकट काकूंच्या हातात आली. टाइलच्या मागे सगळं पोकळ, सिमेंट नुसतं चार कोपऱ्यांना थापलेलं. काकूंचा खुबा मोडला. त्यानंतर आतून "अहो, येता का?" अशी हाक आली की काका हातातलं टाकून धावत, आणि त्या हाकेतली लाज मला आमच्या घरात ऐकू येई.

कॉन्ट्रॅक्टरने फोन उचलणं बंद केलं. काका ग्राहक आयोगात गेले. एका सुनावणीला मी बरोबर होतो. समोरच्या वकिलाने पुरावा म्हणून काय काढावं? पूजेतला फोटो! काका वाकून त्याच्या अशिलाला नारळ देताहेत. म्हणजे तक्रारदार कामावर समाधानी होते, म्हणे. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. घरी आलेल्या माणसाचा मान ठेवला, तोच यांच्या गळ्यात अडकवायचा?

परतताना रिक्षात काका म्हणाले, "चूक माझीच हो. दांडी ओढून न बघता नारळ दिला."

"चोराला सोडून स्वतःला कसला बोल लावताय?" मी भडकलो.

तारखा पडत राहिल्या. त्यातल्याच दोन तारखांच्या मध्ये काकू गेल्या. मग निकाल लागला, काकांच्या बाजूने: कॉन्ट्रॅक्टरने काम स्वखर्चाने नीट करून द्यावं. मी म्हटलं, आता कुणासाठी? काका म्हणाले, "दांडी त्यानेच येऊन बसवायची."

तो आला. टाइल काढल्या, मागे सिमेंट भरलं, ते सुकल्यावर पुन्हा येऊन दांडी बसवली आणि कागद पुढे केला.

"काका, एवढी सही द्या, मला निघायचंय."

"आधी लोंबकळा."

"अहो काका, माझं वजन बघा ना."

"बघितलंय. म्हणूनच सांगतो."

तो धिप्पाड माणूस पाय उचलून लोंबकळला. दांडी तसूभर हलली नाही. काकांनी सही केली. नारळ दिला नाही, पण सवयीने लिफ्टपर्यंत सोडायला मात्र गेले.

मला वाटलं, आता तरी यांना बरं वाटेल. परत आले तर थेट बाथरूममध्ये जाऊन दांडीला हात लावून उभे राहिले.

"बघितलंत?" ते म्हणाले. "म्हणजे नीट बसवता येत होतं त्याला."