विक्रमगडच्या पुढे, सिस्टरांच्या रिकाम्या दवाखान्यापर्यंत

“सोमवारी मदर येतायत. पेशंटची वही कोरी दिसली, तर आम्हाला परत बोलावतील गं.”

सिस्टर ल्युसीच्या या फोनने मला शनिवारी सकाळीच बोरिवलीतून बाहेर काढले. ल्युसी माझी कॉलेजातली मैत्रीण आणि उत्तम परिचारिका. विक्रमगडच्या पुढे एका वारली पाड्यात तिने व दुसऱ्या एका सिस्टरने महिन्यापूर्वी छोटे कॉन्व्हेंट आणि दोन खोल्यांचा दवाखाना उघडला होता. मदर त्यांच्या संस्थेच्या प्रमुख. त्यांचा शब्द अंतिम.

जाणाऱ्यांसाठी सूचना: घोडबंदरच्या फाट्यापर्यंत अवजड वाहने जीव नकोसा करतात, म्हणून सहाच्या आत निघावे. मनोरला महामार्ग सोडून उजवीकडे वळावे. पेट्रोल तिथेच भरावे. मिसळ मात्र टाळावी, तर्री म्हणजे रंगीत पाणी होते. विक्रमगडनंतर मोबाइलची रेंज गेली आणि माझे मन सतत वाईटच रचू लागले.

दवाखाना निर्दोष होता. चादरी ताणलेल्या, औषधांवर मराठी चिठ्ठ्या, बाकावर कोणीच नाही. बायका समोरून मोहाची फुले वेचायला जात होत्या आणि मान वळवत नव्हत्या. अडाणीपणा, असा निकाल मी मनात देऊनही टाकला.

“घरोघरी गेलीस का?” मी विचारले.

“प्रत्येक घरी! सगळ्यांनी चहा ठेवला, प्रेमाने. पण उपवासकाळ आहे ना. ईस्टरपर्यंत दोन जेवणांखेरीज काही घ्यायचे नाही, असा आम्हा दोघींचा नेम. हात जोडून नको म्हटले.”

“सगळीकडे?”

“नेम म्हणजे नेम.”

मला ही शिस्त मनापासून आवडली. शेजारच्या कमळीबाईंना मात्र नाही. आम्ही त्यांच्या अंगणात गेलो तेव्हा त्या सुपात धान्य पाखडत राहिल्या. त्यांची गरोदर सून दारातून आत सरकली.

“बाय, आमच्या घरचा पानी तुमाला चालत नाय,” कमळीबाई वर न बघता म्हणाल्या. “मंग तुमचा औषध आमी कसा घ्यावा?”

ल्युसीचा चेहरा उतरला. उपवासाचे स्पष्टीकरण तिच्या ओठांवर आलेले मला दिसले. तिने ते गिळले आणि जमिनीवर बसली.

“मावशी, चहा टाका. गोड करा.”

“आज चालतो?”

“आज मागायला आले.”

कमळीबाईंनी सूप खाली ठेवले. कोरा चहा आला. पाणी उकळले असेल ना, या शंकेने माझा कप तसाच राहिला होता.

“पी गो शेरवाली,” त्या म्हणाल्या, “चा पिऊन कोन मेला नाय.”

मी प्यायले. परतीच्या वाटेवर पोटाची धास्ती होती, मदरची त्याहून अधिक. नेम मोडल्याचे ल्युसी त्यांना स्वतःच सांगणार होती.

सोमवारी संध्याकाळी तिचा फोन आला. मदरनी आधी नेम मोडल्याबद्दल खडसावले, मग महिनाभर कोणाचा चहा न घेतल्याबद्दल. पावसाळ्यापर्यंत राहण्याची परवानगी दिली. वहीत एकच नाव होते: कमळीबाईंच्या सुनेचे. पाय सुजलेले, रक्तदाब वाढलेला. सरकारी रुग्णालयात जायला ती तयार झाली, पण ल्युसी सोबत असेल तरच.

घरी परतून आठवडा झाला. विक्रमगडला जा, असे मी जरूर सांगेन. निवांत होऊन याल, असे नाही. सुनेचा रक्तदाब ल्युसी रोज सकाळी टेकडीवर चढून मला कळवते. तिचा फोन येईपर्यंत माझे कशातही लक्ष लागत नाही.