तळ्याकाठचे लव्हाळे

नेकनूरजवळच्या आमच्या गावतळ्यातला गाळ काढायचं उद्घाटन झालं. जेसीबीला हार घातला, पुढाऱ्यांना फेटे बांधले. मग फोटोत काठ स्वच्छ दिसावा म्हणून यंत्र आधी लव्हाळ्यांकडे वळलं. ओढ्याची माती तळ्यात शिरण्याआधी तेच अडवतात. मी आडवा उभा राहिलो.

सरपंच म्हणाले, "सर, गवतासाठी काहून अडून बसलात तुमी?"

"हे उपटलं तर पुढच्या पावसाळ्यात तळं परत गाळानं भरेल."

"मग परत उद्घाटन करू की!"

सगळे हसले, मीही हसलो, पण हललो नाही. उन्हाला कंटाळून पुढारी गेले आणि यंत्र मधल्या गाळाकडे वळलं. काठ त्या दिवसापुरता वाचला होता. दुसऱ्या दिवशी यंत्र येण्याआधीच मी जेवणाचा डबा घेऊन लव्हाळ्यांपाशी जाऊन बसलो.