उकळत्या पाण्यातला तुकडा

"आता तापवून बघू," असे म्हणून आमचे जुने मिस्त्री ओतकामाच्या खोलीतून चहाच्या स्टोव्हकडे निघत. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीतील आमच्या कारखान्यात पॉलियुरेथेनचे, म्हणजे रबरासारख्या प्लॅस्टिकचे, रोलर तयार होत. प्रत्येक बॅचमधला बोटभर तुकडा ते राखून ठेवत, पोचे आलेल्या पातेल्यातील उकळत्या पाण्यात टाकत आणि चिमट्याने काढून अंगठ्याने दाबत. चहावाला कुरकुरला, की म्हणत, "तुझं पातेलं वेगळं, माझं वेगळं. आणि तुझ्या चहापेक्षा माझं पाणी कडक."

वर्तकनगरला आम्हा निवृत्तांची बैठक भरते. तिथे अजूनही सांगितले जाते, की उतारवयात त्यांचा हात चुकला, मिश्रणाचे वजन बिघडले आणि रोलर वितळले. ही कथा मी इतक्यांदा खोडली आहे, की आता खोडण्याचाही शीण येतो. रोलर वितळले नव्हते, मऊ पडले होते. हा फरक ज्यांना कळत नाही, त्यांनी त्या माणसाविषयी बोलू नये. मात्र खोडताना एक वाक्य मीही नेहमी गाळत आलो.

प्रयोगशाळेचा प्रमुख मी होतो. पॉलियुरेथेनच्या साखळीत काही भाग लवचीक असतात, काही ताठ. लवचीक भाग पॉलिऑलमुळे येतात. ताठ भाग आयसोसायनेट आणि त्याला जोडणारे लहान रेणू मिळून घडवतात. हे ताठ भाग एकमेकांना किती घट्ट धरून राहतात, यावर माल किती उष्णता सोसेल ते ठरते. जोडणारे रसायन बदलले, तर गार असताना तितकाच कठीण लागणारा रोलर तापल्यावर वेगळा वागू शकतो. हे मी पुस्तकातून शिकलो होतो. ते अंगठ्याने शिकले होते.

एकदा नेहमीचे जोडरसायन मिळेनासे झाले. मी दुसरे सुचवले, प्रमाण बसवले, कठीणपणा मोजला. काटा पूर्वीच्याच आकड्यावर थांबला. दुपारी ते तुकडा घेऊन माझ्या टेबलापाशी आले.

"साहेब, गार असताना गुणी आहे. पाण्यात टाकून बघितलेलं मी, तापलं की धीर सोडतंय. हे रोलर कापड-रंगाईला जाणार ना? तिथे गरम कापड दाबायचंय."

मी म्हणालो, "अहो, मोजमाप तुमच्या पातेल्यात होत नाही."

ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. दिलेल्या प्रमाणात, ग्रॅमचाही फरक न करता, त्यांनी सगळे रोलर ओतले.

महिन्याभरात ते रोलर परत आले. अंगावर कापडाची वीण उमटली होती, कडा फुगल्या होत्या. मालकांनी आम्हा दोघांना बोलावले. समोर वजनाचा तक्ता होता, त्यावर मिस्त्रींची सही. रसायन बदलल्याचा कागद माझ्या खणात होता. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिले.

"वजन मी केलेलं," एवढेच ते बोलले.

पुढचे मी सांगेन, असे त्यांना वाटले असावे. मी बोललो नाही. पुढच्या आठवड्यापासून ते कामावर आले नाहीत.

तुम्हीही अशी माणसे पाहिली असतील: स्वतःची बाजू मांडणे ज्यांना दुसऱ्याची चुगली केल्यासारखे वाटते. बैठकीत त्याला कोणी अहंकार म्हणतात. म्हणोत. अहंकार कोणाचा होता, हे मला ठाऊक आहे.

ते वारल्याचे मला उशिरा कळले. या वर्षी कोपरला त्यांच्या घरी गेलो. दार मुलीने उघडले. मी कोण ते सांगितल्यावर तिने पाणी दिले. मग मी खणातल्या कागदासकट सगळे सांगितले.

"हे तुम्ही तेव्हा सांगितलं होतं का, काका?"

"नाही."

"दादा त्याच वसाहतीत कामाला आहे. रोलर वितळवणाऱ्याचा मुलगा म्हणतात त्याला. बाबांशी शेवटची दोन वर्षं धड बोलला नाही तो. घरी विषय निघाला, की बाबा फक्त म्हणायचे, वजन बरोबर होतं." तिने रिकामा पेला उचलला. "सहा वाजता येईल. हे त्याच्यासमोर सांगाल?"

साडेचार वाजले होते. मला आंबिवलीला एका ओळखीच्याकडे जायचे होते. तसे तिला म्हणालोही नाही. चपला दाराबाहेर होत्या, तिथेच राहू दिल्या. सहा वाजून गेल्यावर जिन्यात पावले वाजली. वडिलांचीच ती जड, सावकाश चाल. मी खुर्चीवरून उठून उभा राहिलो.